उसना वैशाख

गुलनाहार बेगमचं एक गणित होतं आणि ते चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. वैशाखाचा पहिला दिवस, म्हणजे बंगाली नव्या सालाचा दिवस, जसा जाईल तसं अख्खं साल जातं. आता हे सगळ्या फराशगंज मोहल्ल्याला ठाऊक आहे म्हणा. त्या दिवशी पोरं मार चुकवतात ती याच आधारावर. पण बाकीचे लोक बोलतात आणि विसरतात, गुलनाहार पुरावे ठेवते. ज्या साली पहिल्या वैशाखाला तिचा नवरा मोतालेब मियाँ सकाळी उठल्या उठल्या शिंकला, त्या साली तो थेट पुढच्या चैत्रापर्यंत शिंकत राहिला. ज्या साली नळाला पाणी आलं नाही, त्या साली वर्षभर बादल्या वाहिल्या. एका साली कुणीतरी फणस आणून दिला, तर वर्षभरात घरात चौदा फणस आले. शेवटी शेजारची बकरीसुद्धा सालं बघून तोंड फिरवायला लागली.

आणि गेल्या साली पहिल्या वैशाखाला ती धाकट्या बहिणीशी, माहताबशी भांडली. मग काय व्हायचं ते झालं. माहताब नदीपलीकडे जिंजिऱ्याला राहते, होडीने पाव तासाचं अंतर. पण वर्षभर दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. दोन ईद आल्या आणि गेल्या. शेवयांचे डबे मोतालेब मियाँच्या हातून इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, आणि बिचारा म्हातारा दोन्ही किनाऱ्यांवर खाऊन खाऊन सुटला.

भांडण कशावरून? सांगितलं तर हसाल. पहिल्या वैशाखाला अम्मा पांता भाताबरोबर काय वाढायची, यावरून. रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि तळलेली मिरची, इथपर्यंत दोघींचं एकमत. पुढे गुलनाहार म्हणायची सुक्या बोंबलाचं भरीत. माहताब म्हणायची तळलेला हिलसा मासा. गुलनाहार थोरली, सात वर्षांनी थोरली. तिच्या लहानपणी अब्बा तागाच्या गोदामात गोण्या उचलायचे, तेव्हा कुठला हिलसा नि कुठलं काय. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती बरिशालला गेली. त्यानंतर अब्बांना मुकादमी मिळाली आणि घरात माहताब एकटी उरली. म्हणजे दोघींच्या अम्मा वेगवेगळ्या नव्हत्या, पण दोघींना ते पटत नव्हतं.

"या साली मी भांडणार नाही," गुलनाहारने चैत्र संपत आला तेव्हा जाहीर केलं. "माहताबला निरोप द्या. म्हणावं, पहिल्या वैशाखाला सकाळी ये."

मोतालेब मियाँ जन्मभर लाँच हाकणारा सारंग होता. इंजिनाच्या आवाजावरून बोलायची सवय त्याची निवृत्तीनंतरही गेली नव्हती. तो जिंजिऱ्याहून परत आला आणि घाटावरूनच बायकोला लेकाच्या नावाने हाक मारत ओरडला, "रोशनच्या आई, ती म्हणाली, पाहू."

गुलनाहारने मान डोलावली. माहताबचं 'पाहू' म्हणजे पहिल्या होडीने येणार.

एप्रिलच्या चौदा तारखेला, सरकारी पहिल्या वैशाखाला, गुलनाहार पहाटे उठली. लाल काठाची पांढरी साडी नेसली आणि तिने नवऱ्याला नियम वाचून दाखवले. शिंकायचं नाही. 'नाही' म्हणायचं नाही. पाय घसरायचा नाही. आणि अम्माचं नाव काढायचं नाही.

"आणि शिंक आलीच तर?"

"गिळा."

तिने स्वतः मात्र मोठं मन केलं होतं. बोंबलाचं भरीतही केलं आणि शेजारी हिलशाचे चार तुकडेही तळले. दोन्ही ताटल्या सारख्याच अंतरावर मांडल्या, उगाच कुणाला वाटायला नको. दाराशी रांगोळी काढली, मोगऱ्याचा गजरा माळला आणि ओठांवर हसू बसवून ती उंबऱ्यात उभी राहिली. ते हसू ती आठवडाभर आरशात घोटत होती.

माहताब आली. तीही लाल काठाची साडी नेसून, तीही तसंच घोटीव हसू घेऊन. हातात केळीच्या पानात बांधलेली पुडी.

"बुबू, बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. तू किती छान दिसतेस."

"तुझ्याहून काय."

"चल गं, मी आता म्हातारी."

"छे, कोण म्हणतं?"

मोतालेब मियाँला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो. या दोघी आयुष्यात एकमेकींशी असं बोलल्या नव्हत्या. माहताबने पुडी सोडली. आत भरीत होतं. बोंबलाचं. गुलनाहारला एकदम भरून आलं. ही पोर माझ्यासाठी माझं भरीत करून घेऊन आली, आणि मी तिच्यासाठी तिचा हिलसा तळला. तिच्या डोळ्यांत पाणी येणार होतं, पण पहिल्या दिवशी रडलं तर वर्षभर रडू. तिने घाईघाईने भात वाढला.

दिवस तिथेच संपवता आला असता तर किती बरं झालं असतं. पण मोतालेब मियाँने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि अगदी मनापासून बोलून गेला, "अम्मा आज असत्या, तर हा हिलसा बघून खूश झाल्या असत्या."

"झालीच असती," माहताब म्हणाली. "तिच्या हातचा असाच असायचा."

 गुलनाहारने भाताचं पाणी प्यायलं. मिरचीचा तुकडा मोडला. आणि मग जीभ घसरली ती घसरलीच. "असायचा म्हणजे ईदला. वैशाखात नाही."

"वैशाखातच."

"माहताब, मी थोरली आहे."

"थोरली आहेस म्हणूनच. तू बरिशालला होतीस, बुबू. अम्मा काटे काढून मला भरवायची. वैशाखातच भरवायची."

त्याच वेळी गल्लीतून मिरवणूक आली. ढोल, झांजा, मुखवटे, आणि आठ जणांच्या खांद्यावर डुलणारं कागदाचं भलंथोरलं घुबड. आवाज असा की खिडकीचे गज थरथरले. दोघींना भांडण सोडवेना, म्हणून दोघी ओरडायला लागल्या. माहताब ओरडली की तुला बोंबलाशिवाय दुसरं आठवत नाही. गुलनाहार ओरडली की तुला लाडाने बिघडवलं. घुबड त्यांच्या खिडकीशी येऊन अडकलं, वरच्या विजेच्या तारांत त्याचा एक कान गुंतला. कान सोडवायला म्हणून ढोलवाल्यांनी ढोल थांबवले. सगळी गल्ली एकदम शांत झाली आणि त्या शांततेत गुलनाहारचं शेवटचं वाक्य घुमलं:

"तुला अम्मा कळलीच नाही."

बाहेर पन्नास मुखवटे खिडकीकडे बघत होते. घुबडसुद्धा बघत होतं.

 गेल्या साली निदान माहताब दार आपटून गेली होती, या खेपेला तिने दार हळूच ओढून घेतलं. गुलनाहार धावत उंबऱ्याशी गेली तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. दारात चपलांचा एक विजोड जोड उरला होता. एक गुलनाहारची हिरवी रबरी, एक माहताबची तपकिरी चामड्याची. घाईत माहताब एका पायात बहिणीची घालून गेली होती.

गुलनाहार तिथेच बसली. झालं, गेलं हेही साल. गणित काही चुकत नाही. ती सहासष्टची आणि माहताब एकोणसाठची. आणखी किती सालं अशी फुकट घालवायला आपल्याकडे शिल्लक आहेत? तिला इतकं वाईट वाटलं की आता रडलं काय नि न रडलं काय, सारखंच. ती चांगली पदर भिजेपर्यंत रडली. मोतालेब मियाँ बाजूला अपराध्यासारखा उभा होता. त्याला शिंक आली होती, ती त्याने इमानेइतबारे गिळली.

दुपारी ती मागच्या अंगणात भांडी घेऊन गेली. अंगणाची भिंत कमरेएवढी, पलीकडे सुरबालामासीचं स्वयंपाकघर. सुरबालामासी ऐंशीची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन या गल्लीत आली ती इथलीच झाली. अम्मा आणि ती तीस वर्षं या भिंतीवरून बोलल्या. अम्मा गेल्यावर गुलनाहार बरिशालहून या घरी राहायला आली आणि मासीने ते बोलणं तिथूनच पुढे चालू केलं.

मासी जुन्या साडीत, कमरेला पदर खोचून जळमटं काढत होती. चुलीवर कडू भाज्यांचं काहीतरी शिजत होतं.

"काय गं, डोळे सुजलेत ते?"

"मासी, माझं नवं साल नासलं. सकाळीच."

"कुठलं नवं साल?" मासीने झाडू खाली ठेवला. "माझ्याकडे अजून गेलंच साल चालू आहे. आज चैत्राचा शेवटचा दिवस. बघ, कडू शिजतंय."

आता गुलनाहारला हे ठाऊक नव्हतं का? गेली तीस वर्षं दर पंधरा तारखेला मासीकडून नारळाचे लाडू येत होते. मासीचं घर जुन्या पंचांगावर चालतं आणि त्यांचा वैशाख सरकारच्या मागून एक दिवसाने येतो, हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात उजेड पडणं वेगळं. गुलनाहारच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"म्हणजे मासी, तुमच्या हिशेबाने मी गेल्या सालातच भांडले?"

"माझ्या हिशेबाने तू गेल्या सालभर भांडतेच आहेस."

"आणि नवं साल उद्या?"

"उद्या सकाळी."

गुलनाहारने दोन्ही हातांनी भिंत धरली. "मासी, मला तुमचं नवं साल उसनं द्या."

 मासीने तोंडावर पदर घेतला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, गुलनाहारने भिंतीवरूनच तिच्या पाठीत थोपटलं.

"देईन," मासी डोळे पुसत म्हणाली. "पण अर्धंमुर्धं मिळायचं नाही. वैशाख हवा तर आधी चैत्र संपवायला लागेल. ती साडी सोड, जुनी नेस, घर झाड. आणि हे खा." तिने वाटीभर कडुलिंबाची पानं तळून पुढे केली. "गेल्या सालाचं कडू इथेच गिळायचं. पुढे न्यायचं नाही."

गुलनाहारने ती पानं एखादी मिठाई खावी तशी मिटक्या मारत खाल्ली. घरी आली ती वादळासारखी.

"रोशनचे अब्बा, कपडे बदला. आजचा दिवस रद्द."

"रद्द म्हणजे? टीव्हीवर सगळा देश—"

"देशाचं देश बघेल. आपलं नवं साल उद्या आहे. घ्या, कडुलिंब खा."

मोतालेब मियाँने पानं चावली, तोंड वाकडं केलं आणि आशेने विचारलं, "मग आज शिंकायला हरकत नाही ना?"

"आज हव्या तेवढ्या शिंका."

तो अंगणात गेला आणि सकाळपासून साठवलेल्या अकरा शिंका एका पाठोपाठ एक देऊन परत आला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की गुलनाहारलासुद्धा हसू आलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी घर झाडलं, जळमटं काढली, अम्माची जुनी पेटीसुद्धा ओढून तिच्या मागचा कचरा काढला. माहताबला फोन केला, ती उचलेना. पुन्हा केला, तरी उचलेना. हरकत नाही, गुलनाहार म्हणाली, उद्या मीच जाते आणि धरून आणते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा लाल काठाची साडी नेसली, पुन्हा गजरा माळला. गल्लीतली दुकानं रोजच्यासारखी उघडत होती, लोक कामाला निघाले होते, आणि ही बाई नटूनथटून, काखेत एक तपकिरी चप्पल धरून घाटाकडे पळत होती. चप्पल कारणासाठी. 'तुझी चप्पल द्यायला आले' म्हणून दार तरी उघडून घेता येईल.

"चाची, तुमचा वैशाख काल झाला ना?" होडीवाल्याने विचारलं.

"काल रद्द झाला. आज आहे. वल्हं मार."

होडीवाल्याला काय, त्याने मारलं. नदीच्या मध्यावर मोठ्या लाँचची लाट आली, होडी हेलपाटली. गुलनाहारने एका हाताने गजरा धरला, दुसऱ्याने चप्पल. स्वतःला धरायला हात उरला नाही, पण तिची काही तक्रार नव्हती. ती इतकी आनंदात होती की तिने त्या लाँचलासुद्धा हात केला.

जिंजिऱ्याला माहताबच्या दाराला कुलूप.

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "ती तर उजाडायच्या आधीच गेली. नवी साडी नेसून. कुठे ते सांगितलं नाही."

गुलनाहार मटकन पायरीवर बसली. एवढं उसनं साल मिळालं, नि ते कुणाबरोबर साजरं करायचं? गेली असेल पोरीकडे चितगावला. तोंड फिरवून दूर निघून गेली असेल माझ्यापासून. तिला रडू फुटायला लागलं, तेवढ्यात आठवलं की आज रडायचं नाही. ती उठली आणि परतीच्या होडीत जाऊन बसली. होडीवाला तोच होता, तो शहाणा, काही बोलला नाही.

गल्लीत शिरली तर घर उघडं, मोतालेब मियाँ गायब. मागच्या अंगणातून मात्र त्याचा लाँचवरचा आवाज येत होता. ती भिंतीशी गेली आणि तिथेच थबकली.

मासीच्या ओसरीवर केळीची पानं मांडली होती. दही-पोहे, लाह्या, नारळाच्या लाडवांचं ताट. मोतालेब मियाँ पहिल्या पानावर. आणि त्याच्या शेजारी, लाल काठाच्या साडीत, मांडीवर एक हिरवी रबरी चप्पल घेऊन माहताब.

"चप्पल बदलायला आले," माहताब गुलनाहारकडे न बघता म्हणाली.

"मीही तेवढ्यासाठीच जिंजिऱ्याला गेले होते," गुलनाहार म्हणाली, आणि मासीकडे वळली. "मासी, ही इथे कशी?"

"काल तुझ्याकडून निघाली ती पुढच्या दाराने माझ्याकडेच आली," मासी शांतपणे लाडू वळत म्हणाली. "तू यायच्या कितीतरी आधी. म्हणे, मासी, माझं साल नासलं, तुमचं उसनं द्या. दिलं. मग तू आलीस, तुलाही दिलं. एकच होतं, त्याला मी काय करू?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तिनेही विचारलं नव्हतं, तूही नाही. दोघींनी वाटीवाटीभर कडुलिंब मात्र खाल्ला. माझं झाड बोडकं झालं."

गुलनाहार भिंतीवरून पलीकडे जायला निघाली. सहासष्टच्या वयात साडी नेसून भिंत चढणं म्हणजे काही सोपं काम नाही. अर्ध्यावर अडकली तेव्हा माहताबनेच उठून तिला ओढून घेतलं. दोघी पानावर शेजारी शेजारी बसल्या. चपला बदलल्या, जोड जुळले. मग दोघी लाडू खायला लागल्या, आणि दोघींना एकदमच भीती वाटायला लागली.

"नारळाला गूळ मस्त लागलाय," माहताब जपून म्हणाली. "अगदी अम्मा—" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"अम्मा साखर—" गुलनाहारच्या तोंडून निघालं, आणि तिनेही तोंडावर हात ठेवला.

कुणी बोलेना. मासीचं लाडू वळणं थांबलं. मोतालेब मियाँने डोळे घट्ट मिटले. ओसरीवर ती शांतता पसरली, आणि गुलनाहारला ती लगेच ओळखू आली. हीच ती. गेल्या पहिल्या वैशाखाला दार आपटल्यावर हीच घरात शिरली होती आणि वर्षभर हलली नव्हती. भांडण कुठे टिकलं होतं? भांडण तर पाच मिनिटांत आटोपलं. वर्षभर पुरली ती ही. आणि आता नव्या सालाच्या पहिल्या सकाळी आपण तिला हाताने तोंड दाबून पुन्हा पाटावर बसवतो आहोत.

तिने तोंडावरचा हात काढला. माहताबचा हातही ओढून काढला.

"बोल."

"नको, बुबू. आज नको."

"आजच. पहिल्या दिवशी भांडलं तर वर्षभर भांडू ना? मग भांडू की. त्यासाठी तुला रोज नदी ओलांडून यायला लागेल. बोल, साखर की गूळ?"

 माहताबच्या डोक्यातही उजेड पडायला थोडा वेळ लागला. मग तिने पाठ ताठ केली, पदर खोचला आणि म्हणाली, "गूळ. आणि हिलसा वैशाखातच."

"बोंबील."

"हिलसा. अंड्यासकट."

"अंड्यासकट म्हणे. तुझ्या अब्बांचा काय मासळीबाजार होता?"

"तुझेही तेच अब्बा होते."

"माझ्या वेळी ते गोण्या उचलायचे."

"मग माझ्या वेळी सुखात होते त्यात माझा काय गुन्हा? सांग ना, अम्मा दोन घास चांगले खायची ते तुला बघवत नाही?"

गुलनाहार बोलायला गेली आणि अडखळली. अम्मा दोन घास चांगले खायची. खरंच खात असेल का? तिच्या आठवणीत अम्मा पातेल्याच्या तळाशी उरलेलं खायची, तेही पाठ करून. "बघवतं," ती हळूच म्हणाली. "सांग ना. कसा तुकडा घ्यायची?"

"पोटाकडचा. आणि बोटं चाटायची."

गुलनाहारने ते मनात चांगलं मुरू दिलं. मग नाक ओढून म्हणाली, "पण वैशाखात नाही."

तासभर चाललं. गल्लीतल्या बाया भिंतीशी जमल्या, कुणी बोंबलाकडून, कुणी हिलशाकडून. मोतालेब मियाँ दोन्हीकडून बोलला आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. शेवटी माहताबला सुचलं.

"मासी, तुम्हीच सांगा. तुम्ही तीस वर्षं पाहिलंय. अम्मा पहिल्या वैशाखाला काय वाढायची?"

 मासीने हात पुसले. "मला चांगलं आठवतं," ती म्हणाली.

"मग सांगा."

"सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही कशावरून भांडाल?"

सगळं अंगण हसलं. त्या हसण्यात मोतालेब मियाँची सकाळपासूनची शिंक एकदाची सुटली. गुलनाहारने त्याच्याकडे डोळे वटारले, मग हात झटकला. शिंका वर्षभर. चालतंय.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर माहताब जायला निघाली. उंबऱ्यात पाठमोरी उभी राहून तिने बराच वेळ चपला घातल्या. ती गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा गुलनाहारने खाली पाहिलं. दारात एक हिरवी रबरी चप्पल होती आणि एक तपकिरी चामड्याची.

गल्लीच्या टोकाला माहताब एक हिरवा पाय, एक तपकिरी पाय टाकत निवांत चालली होती. या खेपेला तिला कसलीही घाई नव्हती.

"रोशनच्या आई, तिची चप्पल," मोतालेब मियाँ ओरडायला निघाला.

"गप्प बसा हो," गुलनाहार म्हणाली. "उद्या येईल न्यायला. आली की चांगली सुनावते तिला."